डॉक्टरांचं माहेर अचलपूर

फुलं दाखवायची एक पद्धत असते. सूर्य पाठीशी घ्यायचा, फोन जरा उंच धरायचा आणि कॅरेटमधला वरचा थर आधी हाताने मोकळा करायचा, म्हणजे झेंडू आहे त्याहून टपोरा दिसतो. अमरावतीचा आमचा अडत्या रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर माल बघतो आणि मगच आमची गाडी निघते. बार्शीटाकळीच्या पलीकडे आमचं शेत आहे. झेंडू, शेवंती आणि विहिरीच्या बाजूला निशिगंध. धामणगाव रेल्वेहून लग्न होऊन आले तेव्हा मला फुलांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फोनवर माल दाखवण्यात आता घरात माझा हात कुणी धरू शकत नाही. नवरा म्हणतो, तू दगडसुद्धा विकशील. मी म्हणते, तुम्हाला विकायला काढलं तर घेणार कोण, ते आधी सांगा.

हे सगळं आधीच सांगितलं, कारण माझ्या सासूबाईंना कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही त्यांनाही फोनवर असंच दाखवलं. वरचा थर मोकळा करून.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. शेत खरं त्यांचं. सासरे गेल्यापासून कुठल्या वाफ्यात काय लावायचं, कुठलं फूल कधी तोडायचं हे सगळं त्या ठरवतात. आवाज असा की विहिरीपाशी बोलल्या तर रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. माझं काहीही चुकलं की त्या एवढंच विचारतात, "काहून वं, धामनगावात असंच करतात का?" इतक्या वर्षांत माझ्या माहेराची त्यांनी जेवढी आठवण काढली, तेवढी मीही काढली नसेल. पण स्वतःबद्दल एक शब्द नाही. डोकं दुखतंय, पाय दुखतोय, असलं काही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, ही बाई लोखंडाची आहे.

छातीतली गाठसुद्धा त्यांनी आम्हाला सांगितली नाही. त्या अमरावतीला भावाकडे बारशाला गेल्या होत्या, तिथे भावजयीला सांगितली. भावजय शहाणी निघाली. बारसं आटपताच त्यांना ओळखीच्या सर्जनकडे घेऊन गेली, तिथे सुईने तुकडा काढला, आणि रिपोर्ट आला तेव्हा त्या सर्जनचा फोन माझ्या नवऱ्याला आला. तो ठिबकच्या नळ्या साफ करत होता. त्याने नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या हातून फोन घेतला आणि सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं.

सर्जन म्हणाले, गाठ लिंबाएवढी आहे, बरी होण्यातली आहे, पण आता दिवस घालवू नका. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भेटीची वेळ मिळायलाच खूप थांबावं लागतं. मात्र ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांच्यासाठी तिथल्या डॉक्टरांनी व्हिडिओवर पहिली भेट सुरू केली आहे. रिपोर्ट फोनवर पाठवा, डॉक्टरबाई फोनवर बोलतील, तपासण्या अकोल्यातच करा, आणि सगळी तयारी झाल्यावर कॅन्सरच्या औषधाचं सलाईन कुठे लावायचं तेही त्या सांगतील.

मी तर हरखलेच. कॅन्सर म्हटल्यावर हरखणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. पण घाबरून बसण्यापेक्षा हाताला काम मिळालं, आणि तेही व्हिडिओ कॉलचं, म्हणजे माझ्या हातातलं. शिवाय त्यामुळे आत्याबाईंचा मोठा मुद्दा निकालात निघत होता. दसरा तोंडावर होता. आमच्यासारख्यांचं वर्ष दसऱ्याच्या झेंडूवर चालतं, आणि त्यांनी अमरावतीहून आल्या आल्या जाहीर केलं होतं, "दसरा झाल्यावर पाहू. गाठ कुठं पळून चालली?" नागपूरला चला म्हटलं असतं तर त्या शेताच्या बांधाला धरून बसल्या असत्या. आता नागपूरच घरी येणार होतं.

तर घरी डॉक्टर येणार म्हणून घर झाडलं. समोरच्या खोलीत खुर्ची टाकली, मागे धुतलेली चादर ताणून लावली, टेबलावर निशिगंधाच्या काड्या ठेवल्या. आत्याबाई नवं लुगडं नेसल्या आणि पदर डोक्यावर नीट घेऊन अशा बसल्या की जणू सोयरीक जमवायची आहे. दोन चुलत सासवा दाराआड बसल्या, त्या दिसू नयेत म्हणून मी फोन जरा डावीकडे वळवला. फोनवर डॉक्टर आल्या. तरुण बाई होत्या, चष्म्यातून नीट बघणाऱ्या. त्यांनी नमस्कार केला. आत्याबाईंनी मला खूण केली. मला कळेना. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि चहाचा कप आणून फोनसमोर ठेवला. बशीत चिवडापण.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, मावशी, तुम्ही घ्या, मी मग घेते. आणि प्रश्न सुरू केले. दम लागतो का? नाही. पायांना सूज? नाही. झोप? छान. भूक? छान. आत्याबाई प्रत्येक उत्तरानंतर हसत होत्या आणि मी फोन उंच धरून, उजेड सांभाळून उभी होते. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन लिहून दिले, कुठली औषधं विचारात आहेत ते समजावून सांगितलं, आणि भेट संपली. चुलत सासवा म्हणाल्या, किती छान झालं. मलाही तसंच वाटलं. चहा गार झाला होता, तो नवऱ्याने प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन येत होत्या आणि मध्येच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, चपलेत खडा गेला. चपला त्यांच्या पायात नव्हत्याच. मला एकदम आठवलं की गेल्या आठवड्यातही त्या तिथेच बसल्या होत्या, आणि त्याच्या आधीही. माझं डोकं फिरलं. मी टोपली उतरवून घेतली आणि म्हटलं, डॉक्टरांना का नाही सांगितलं? दम लागतो का म्हणून त्यांनी स्पष्ट विचारलं होतं.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच बेअक्कल आहे.

"घरी आलेल्या मानसाले चाय देतात," त्या म्हणाल्या, "दुखनं नाई."

मी म्हटलं, आत्याबाई, त्या डॉक्टर आहेत, पाहुण्या नाहीत. त्या म्हणाल्या, घरात आली, खुर्चीसमोर बसली, मग पाहुणी नाही तर कोण? आणि उठून चालायला लागल्या. मी तिथेच उभी राहिले. रागही आला आणि हसूही आलं. नागपूरला दवाखान्यात गेलो असतो तर त्या बाकावर बसून चारचौघींसारखं बोलल्या असत्या, तो दवाखाना आहे, तिथे दुखणं सांगायचंच असतं. आपण दवाखाना घरी आणला आणि घराचे नियम लावले. त्यात मी वरून उजेड धरला. डागी फूल खाली आणि टपोरं वर, हे मला कुणी शिकवायला नकोच होतं.

मी डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, डॉक्टर उद्याच पुन्हा बोलतील, तीच तर या फोनची सोय आहे. मी म्हटलं, मग उद्या मी त्यांना शेतात बोलावते. घरात नको.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची टाकली नाही, चादर लावली नाही. आत्याबाई शेवंतीची निंदणी करत होत्या, अंगावर रोजचं लुगडं, हाताला माती. मी फोन घेऊन तशीच त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, डॉक्टर आहेत. त्या चिडल्या. मातीचे हात पदराला पुसले आणि फोनकडे बघून पुन्हा तेच पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू हसल्या. मला वाटलं, गेलं, सगळं पाण्यात गेलं.

पण डॉक्टरांनी तब्येतीचं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, मावशी, शेवंती किती लवकर लावली तुम्ही. आमच्याकडे अजून कळी नाही. आता फुलांचा विषय निघाल्यावर आत्याबाई गप्प बसणं शक्यच नव्हतं. रोप कुठून आणलं, पाणी कसं दिलं, सगळं सांगून झालं, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो त्या भेटेल त्या बाईला विचारतात. बसमध्ये शेजारी बसलेलीला, बांगड्या विकणारीला, माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनाही.

"तुमचं माहेर कुठचं?"

"अचलपूर," डॉक्टर म्हणाल्या.

"परतवाडा?"

"नाही, अचलपूरच. परतवाडा म्हटलं तं माही माय रागावते."

आत्याबाईंनी खुरपं खाली ठेवलं. अचलपूर आणि परतवाडा ही जोडगावं, आणि आत्याबाईंचं माहेर अचलपूरहून जेमतेम पाऊण तासावर. लहानपणी आठवडी बाजाराला त्या तिथेच जात. एसटीतून उतरलं की पहिली गल्ली कुठली, कुठल्या दुकानात बांगड्या भरायच्या, ती विहीर अजून आहे का, हे सगळं त्यांनी एका दमात विचारलं, आणि डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली, तीही आता पक्क्या वऱ्हाडीत. मी मधे फोन धरून बसले होते आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मंग पयलेच सांगाचं नाई का," आत्याबाई म्हणाल्या. "मी तुले पाहुनी समजून राह्यली होती."

आणि त्या धुऱ्यावर मांडी घालून बसल्या, पदर डोक्यावरून खाली पडला तो पडू दिला, आणि सांगायला लागल्या. टोपली उचलली की दोन सऱ्या चालल्यावर बसावं लागतं. उताणं निजलं की जीव गुदमरतो, म्हणून दोन उशा लावते. पाय संध्याकाळी पोळीसारखे फुगतात, म्हणून जोडवी काढून ठेवली. होळीपासून हे सगळं आहे. छातीत धडधड होते, ती मात्र फार आधीपासून. रात्री एकदा वाटलं होतं की आता काही खरं नाही. तेव्हा उठून देवाजवळ बसले होते.

मी ऐकत होते. घरातली एक उशी सारखी गायब असायची आणि मी मुलीवर ओरडायचे. जोडवी काढलेली मी पाहिली होती आणि वाटलं होतं, नवी करायची असतील. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी मी, आणि त्यांना हे सांगायला अचलपूरची बाई फोनमध्ये यावी लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त आनंद झाला. इतका की मला तिथेच शेवंतीत उड्या माराव्याशा वाटल्या. बाई बोलत होती. लोखंड बोलत होतं.

तेव्हा मला गाठ अमरावतीलाच का सांगितली, तेही कळलं. सासरची दुखणी सासरी कुणी सांगत नाही. ती माहेरी जाऊन सांगायची, चुलीपाशी बसून, आईला. आत्याबाईंची आई कधीच गेली. उरलं अमरावतीचं भावाचं घर, आणि तिथे काय, वर्षातून एखाद्या कार्याला जाणं व्हायचं. तोवर जे दुखेल ते साठवून ठेवायचं.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मावशी, हे आज सांगितलं म्हनून बरं झालं. नाई तं सलाईनच्या आदल्या दिवशी कळलं असतं आन सगळं थांबलं असतं." उद्याच्या उद्या अकोल्याला हृदयाची सोनोग्राफी करा, तिला इको म्हणतात, आणि परवा मी हृदयाच्या डॉक्टरांना घेऊनच फोनवर येते.

मग काय सांगू, कसे पळाले ते दिवस. सकाळी झेंडू तोडायचा, अमरावतीला माल दाखवायचा, गाडी लावून द्यायची आणि आत्याबाईंना घेऊन अकोला. रिपोर्ट हातात पडला की मी दवाखान्याच्या दारातच त्याचा फोटो काढून नागपूरला पाठवायचे. घरी पोचायच्या आत मदतनीस बाईंचा फोन यायचा की बघितलं, आता पुढचं हे करा. हृदयाची एक झडप आखडलेली निघाली. हृदयाचे डॉक्टर आणि आमच्या डॉक्टर दोघेही फोनच्या पडद्यावर शेजारी शेजारी चौकटीत बसून आमच्यासमोर बोलले, गोळ्या ठरल्या, आणि आधी ठरवलेल्या औषधांतलं हृदयाला न झेपणारं औषध बदललं. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, दोघंही अचलपूरचे असते तर अजून बरं झालं असतं.

आणि पहिलं सलाईन दसऱ्याच्या आधी लागलं. अकोल्यातच, घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिथले डॉक्टर जवळ उभे होते आणि आमच्या डॉक्टर फोनवर होत्या. थेंब पडायला लागला तेव्हा माझ्या नवऱ्याने माझा हात धरला, सगळ्यांसमोर. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच. मी सोडवून घेतला नाही.

त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांनी बजावलं की आता अंगातली रोगाशी लढायची ताकद उतरेल, मातीत हात घालायचा नाही, शेतात जायचं नाही. आणि ताप आला तर अजिबात थांबायचं नाही, कारण या औषधांनंतरचा ताप एका दिवसात माणसाला घेऊन जाऊ शकतो. मग म्हणाल्या, "मी काई फोनमधी बसून राहत नाई मावशी. ताप आला तं कोनाले सांगान?"

"तुले," आत्याबाई म्हणाल्या.

"आन मी दुसऱ्या पेशंटजवळ असली तं? घरात सून हाय ना तुमची. तिले सांगा."

 आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी विषय बदलला आणि अचलपुरात यंदा पाऊस कसा झाला ते विचारलं.  झडप सापडली, औषध बदललं, सलाईन वेळेवर लागलं, आणि एवढं सगळं करून तापाच्या दिवशी या बाई म्हणणार, काही नाही, चपलेत खडा गेला. मी थर्मामीटर आणला. त्या तो काखेत धरल्यासारखा करायच्या आणि लगेच परत द्यायच्या. म्हणायच्या, माझं अंग मला माहीत आहे.

दसऱ्याचा आदला दिवस उजाडला. असा दिवस आमच्याकडे वर्षात एकच येतो. अंगणात झेंडूचा ढीग, बायका तोरणं ओवतायत, नवरा गाडीत कॅरेटं चढवतोय, आणि आत्याबाई लांब ओसरीवर खाटेवर बसून, मास्क हनुवटीखाली ओढून सगळ्यांवर ओरडतायत. मी अमरावतीच्या अडत्याला माल दाखवत होते. सूर्य पाठीशी, फोन उंच, वरचा थर मोकळा.

"इकडं ये वं," आत्याबाईंनी हाक मारली.

मी म्हटलं, आलेच, एवढं कॅरेट दाखवते.

"ठेव तो फोन. आंग तापून राह्यलं माहं."

 मी वळून पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"थंडी वाजते," त्या म्हणाल्या. "तोंडात फोड आले. पाठ ठनकते. आन काल तू वरनात मीठ जास्त टाकलं, मी बोलली नाई."

अडत्या फोनवर होताच, त्याने सगळं ऐकलं. तो म्हणाला, ताई, माल राहू द्या, माईला घेऊन निघा. मी त्याचा फोन बंद केला आणि नागपूरचा लावला. नवऱ्याने भरलेल्या गाडीतली कॅरेटं तिथेच रस्त्याच्या कडेला उतरवली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आम्ही बार्शीटाकळीचा रस्ता ओलांडेपर्यंत डॉक्टरांनी अकोल्याच्या दवाखान्यात कळवलं होतं, खाट तयार होती, औषध तयार होतं. ताप वेळेत कळला म्हणून उतरला. तिथल्या डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. पुढची सलाईनं ठरल्याप्रमाणे लागली, दम आता कमी आहे, आणि ती लिंबाएवढी गाठ परवाच्या तपासणीत बोटांना नीट सापडलीही नाही.

पण मला त्या सगळ्यापेक्षा तो अकोल्याचा रस्ता आठवतो. गाडीत पुढे आम्ही तिघं. नवरा चालवतोय, मधे आत्याबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून, अंग तव्यासारखं. आणि त्या बोलतायत. कंबर दुखते. डावा गुडघा तर तुझ्या लग्नाच्या वर्षापासून दुखतो. हा गाडी खड्ड्यातूनच नेतो. ओसरीवर ऊन येतं आणि खाट कुणी सरकवत नाही. रात्री भीती वाटते. तुझ्या हातचं वरण खरंच खारट असतं, धामणगावचंच आहे ते.

मी त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दम खायला त्या जरा थांबल्या, तशी मी घाबरले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आनखी सांगा."